पिस्टन की डायरेक्ट इम्पिंजमेंट? पोलिसांच्या खांद्यावरची रायफल नेमकी कशी ठरते?

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरातलं धरमपेठ पोलिसांनी भरून जातं. विधानभवन शेजारच्या सिव्हिल लाइन्समध्ये. त्यामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यातून बंदोबस्तासाठी आलेले जवान चौकाचौकांत उभे दिसतात. कोणाच्या खांद्यावर लाकडी दस्त्याची लांब एसएलआर, कोणाकडे इन्सास, तर मंत्र्यांच्या ताफ्याबरोबर एके.

असे फोटो सोशल मीडियावर आले की खाली वाद ठरलेला असतो. एक म्हणतो, "अजून हीच बंदूक? अमेरिकेसारखी एम-४ द्या." दुसरा उत्तर देतो, "एम-४ मातीत अडकते, एकेला तोड नाही." मग तिसरा दोन शब्द टाकतो : पिस्टन आणि डायरेक्ट इम्पिंजमेंट. इथून पुढची चर्चा बहुतेकांच्या डोक्यावरून जाते.

पण हे दोन शब्द समजून घेण्यासारखे आहेत. येत्या काही वर्षांत सैन्य आणि पोलीस दलांसाठी लाखो नव्या रायफली येत आहेत. त्यावर हजारो कोटी रुपये खर्च होणार आहेत. आणि रायफल ऐन वेळी चालली नाही, तर त्याची किंमत हातात ती रायफल असलेला जवान चुकवतो.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय?

जुन्या .३०३ रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर जवानाला हाताने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलावा लागायचा. त्यातून रिकामं काडतूस बाहेर पडायचं आणि नवं आत जायचं. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हातात प्रामुख्याने हीच रायफल होती.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये हे काम रायफल स्वतःच करते. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि पुढचं चेंबरमध्ये बसतं. पुढची गोळी झाडायची तर चाप पुन्हा ओढायचा. चाप दाबून ठेवल्यावर गोळ्या सुटतच राहिल्या तर ती पूर्ण ऑटोमॅटिक. एके-२०३ सारख्या लष्करी रायफलींवर या दोन्ही पद्धती निवडता येतात. एसएलआर मात्र सेमी-ऑटोमॅटिकच. तिचं नावच मुळी 'सेल्फ लोडिंग रायफल'.

हे सगळं करायला लागणारी ताकद कुठून येते? काडतुसातली दारू पेटली की प्रचंड दाबाचा गरम वायू तयार होतो. तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीला वरच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. गोळी ते छिद्र ओलांडून गेली की थोडा वायू तिथून बाहेर येतो. या वायूकडून बोल्ट मागे ढकलण्याचं काम कसं करून घ्यायचं, एवढ्याच प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं म्हणजे पिस्टन आणि डायरेक्ट इम्पिंजमेंट.

पिस्टनवाली रायफल कशी चालते?

सायकलचा पंप आठवा, फक्त उलटा. पंपात आपण दांडा ढकलून हवा बाहेर काढतो. इथे वायू दांड्याला ढकलतो. नळीच्या वर एक छोटा सिलिंडर असतो. त्यात वायू शिरतो, पिस्टन मागे जातो आणि त्याच्या जोरावर बोल्ट उघडतो. वापरलेला वायू पुढच्या पुढेच बाहेर पडतो.

यातही दोन प्रकार आहेत. लाँग स्ट्रोकमध्ये पिस्टन बोल्टला वाहून नेणाऱ्या भागाला जोडलेला असतो आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत मागे-पुढे होतो. एके-४७, इन्सास आणि आपल्या विशेष दलांकडची इस्रायली टॅव्होर या वर्गातल्या. शॉर्ट स्ट्रोकमध्ये पिस्टन फक्त एक जोरदार टोला देतो आणि थांबतो. बाकीचा प्रवास बोल्ट स्वतःच्या वेगाने करतो. एसएलआर ज्या बेल्जियन एफएन-एफएएल रायफलवरून आली, तिची रचना ही. जर्मनीची एचके-४१६ देखील याच वर्गातली.

फायदा असा की गरम वायू आणि काजळी जवानाच्या चेहऱ्यापाशी असलेल्या मुख्य भागात फारशी पोहोचत नाही. वायू किती घ्यायचा हे कमी-जास्त करण्याची सोयही देता येते. एसएलआरमध्ये ती होती. रायफल मळली किंवा थंडीत सुस्तावली तर जवान वायू वाढवू शकायचा.

तोटा म्हणजे जास्तीचे भाग आणि जास्तीचं वजन, तेही नळीच्या बाजूला. एवढा धातू प्रत्येक गोळीला मागे-पुढे होत असल्याने रायफल थोडी हलतेही.

मग डायरेक्ट इम्पिंजमेंटमध्ये काय वेगळं?

इथे पिस्टनचा दांडाच नाही. छिद्रातून निघालेला वायू एका बारीक पोलादी नळीतून थेट मागे येतो आणि बोल्टच्या यंत्रणेवर काम करतो. स्वीडनने १९४२ मध्ये आणि फ्रान्सने १९४९ मध्ये अशा रायफली सैन्यात आणल्या होत्या. पण ही पद्धत जगभर ओळखली जाते ती अमेरिकन अभियंता युजीन स्टोनरमुळे. त्याच्या १९५० च्या दशकातल्या आराखड्यातून पुढे एम-१६ आणि एम-४ आल्या.

बारकाईने पाहिलं तर स्टोनरच्या रचनेत पिस्टन नाही असं म्हणणंही पूर्ण बरोबर नाही. वायू बोल्ट आणि त्याच्या वाहकामधल्या पोकळीत शिरतो आणि तिथे प्रसरण पावतो. म्हणजे बोल्टच पिस्टनचं काम करतो. सगळी ढकलाढकल नळीच्या सरळ रेषेत होते.

त्यामुळे रायफल हलकी होते, भाग कमी लागतात आणि नेम धरायला सोपं जातं. पण काजळी आणि उष्णता थेट बोल्टपाशी येते. तिथलं वंगण लवकर जळतं. नळीच्या टोकाला सायलेन्सर लावला तर वायू आणखी जोराने मागे येतो आणि जवानाच्या तोंडावर उडतो.

थोडक्यात, काजळी दोन्हीकडे होतेच. पिस्टनमध्ये ती पुढे साचते, डायरेक्ट इम्पिंजमेंटमध्ये मागे.

'एम-१६ अडकते' ही ख्याती कुठून आली?

व्हिएतनाममधून. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या दमट जंगलात अमेरिकन जवानांच्या एम-१६ ऐन चकमकीत बंद पडू लागल्या. रिकामं काडतूस चेंबरमध्येच अडकून बसायचं. ते काढता काढता जवान मारले गेले. आरडाओरड इतकी झाली की अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली.

कारणं काय निघाली? काडतुसातली दारू बदलली होती आणि रायफल त्या दारूसाठी जुळवून घेतलेली नव्हती. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत गंज चढत होता. शिवाय या रायफलला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि सफाईचं साहित्य पुरेसं पोहोचलंच नव्हतं.

पुढे चेंबरला क्रोम चढला, सफाईचे संच वाटले गेले. जवानांनी वाचावं म्हणून देखभालीची पुस्तिका चक्क कॉमिकच्या रूपात निघाली. ती प्रसिद्ध चित्रकार विल आयस्नर यांनी काढली होती. तक्रारी घटल्या.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी : वायूची पद्धत बदललीच नव्हती. बदलली ती आजूबाजूची व्यवस्था.

चाचण्यांमध्ये कोण जिंकतं?

पिस्टनच्या बाजूने सर्वाधिक दिला जाणारा पुरावा २००७ चा आहे. अमेरिकन सैन्याने चार रायफलींची बारीक धुळीत चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या १० रायफली आणि प्रत्येक प्रकारामागे ६० हजार गोळ्या. एम-४ मध्ये ८८२ वेळा अडथळा आला. एचके-४१६ मध्ये २३३, स्कारमध्ये २२६ आणि एक्सएम-८ मध्ये १२७ वेळा. चारपैकी फक्त एम-४ डायरेक्ट इम्पिंजमेंटची होती.

आकडे बघून निकाल लागल्यासारखं वाटतं. एम-४ साधारण ६८ गोळ्यांमागे एकदा अडली, एचके-४१६ सुमारे २५७ गोळ्यांमागे एकदा. पण याच एम-४ ची त्याच वर्षी आधी झालेल्या तशाच चाचणीतली संख्या ३०७ होती. पद्धत तीच आणि रायफलही तीच. तरी फरक जवळपास तिप्पट. शिवाय ८८२ पैकी पावाहून थोडे जास्त अडथळे मॅगझिनमुळे आलेले होते.

आणखी एक बाब. एचके-४१६ आणि एक्सएम-८ दोन्ही शॉर्ट स्ट्रोक पिस्टनच्या, दोन्ही एकाच कंपनीच्या. तरी एकीत दुसरीच्या जवळपास दुप्पट अडथळे. म्हणजे धुळीत पिस्टनचं पारडं जड असेलही, पण 'पिस्टन आहे' एवढ्यावरून रायफल किती भरवशाची हे कळत नाही.

म्हणूनच मोठी सैन्यं आजही एका उत्तरावर आलेली नाहीत. फ्रान्सने २०१६ मध्ये एचके-४१६ घेतली. अमेरिकन सैन्याने २०२२ मध्ये नव्या पिढीसाठी सिग कंपनीची पिस्टनवाली रायफल निवडली. पण ब्रिटनने २०२३ मध्ये आपल्या रॉयल मरीन कमांडोंसाठी डायरेक्ट इम्पिंजमेंटचीच रायफल पसंत केली, तीही सायलेन्सरसह वापरण्यासाठी.

भारताने आजवर काय निवडलं?

मुख्यतः पिस्टन. १९६२ नंतर आलेली एसएलआर पिस्टनची. तिच्या जागी आलेली इन्सासही पिस्टनची. इन्सासचा आराखडा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत तयार झाला.

इन्सासची कहाणी या वादात फार बोलकी आहे. तिची वायूची यंत्रणा एकेच्या घराण्यातली, म्हणजे कागदावर दणकट. पण १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेले. रायफल अडकण्याच्या आणि जवानाच्या डोळ्यात तेल उडण्याच्या तक्रारी आल्या. पिस्टन असूनही विश्वास डळमळला. नंतर केंद्रीय राखीव पोलीस दलानेही माओवादी भागात इन्सासऐवजी एकेला पसंती दिली.

आता सैन्यासाठी उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा इथे एके-२०३ बनत आहे. २०२१ च्या करारानुसार सहा लाखांहून अधिक रायफली तयार होणार आहेत. त्याशिवाय अमेरिकेच्या सिग-७१६ या रायफली २०१९ मध्ये ७२,४०० आणि २०२४ मध्ये आणखी ७३ हजार मागवल्या गेल्या. इथे एक खबरदारी : ७१६ या एकाच नावाखाली सिग कंपनीने पिस्टनच्या आणि डायरेक्ट इम्पिंजमेंटच्या अशा दोन्ही रायफली विकल्या आहेत. त्यामुळे बातमीतलं नाव वाचून आतली रचना ठरवणं धोक्याचं.

महाराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. एआरडीईने ७.६२ मिमीची 'उग्रम' रायफल जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सादर केली. सैन्याला हव्या असलेल्या सव्वाचार लाख छोट्या कार्बाइनच्या कामात पुण्याची भारत फोर्ज ही कंपनी आहे. ५.५६ मिमीची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनतात. आणि धरमपेठेपासून फार दूर नसलेल्या अंबाझरीत यंत्र इंडिया या सरकारी संरक्षण कंपनीचं मुख्यालय आहे.

गडचिरोलीच्या जंगलात काय लागतं?

नागपूरहून गडचिरोली काही तासांवर. तिथल्या सी-६० पथकाचे जवान जंगलात कित्येक किलोमीटर चालत जातात. पावसाळ्यात नाले ओलांडायचे, चिखलात बसायचं, रात्र उघड्यावर काढायची. रायफल रोज टेबलावर उघडून पुसता येईलच असं नाही. अशा ठिकाणी मोठ्या सुट्या जागा ठेवून बनवलेली, थोडीफार घाण सहन करणारी एके पसंत पडते, यात आश्चर्य नाही.

माओवाद्यांनीही तेच केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. जमा झालेल्या ५४ शस्त्रांमध्ये एके-४७ आणि इन्सास होत्या. दोन्ही बाजूंकडे वर्षानुवर्षं पिस्टनच्याच रायफली होत्या. याचं कारण निव्वळ तांत्रिक नाही. जे मिळतं, ज्याची काडतुसं मिळतात आणि जे दुरुस्त करता येतं, तेच जंगलात टिकतं.

वजनाचंही तसंच. ५.५६ च्या एका काडतुसाचं वजन साधारण १२ ग्रॅम, ७.६२ बाय ५१ च्या काडतुसाचं त्याच्या दुप्पट. शंभर काडतुसांमागे सव्वा किलोच्या आसपास फरक पडतो. पिस्टनमुळे वाढणाऱ्या वजनापेक्षा हा फरक पाठीला जास्त जाणवतो.

शहरात गणित बदलतं का?

बऱ्याच अंशी. १ जून २००६ रोजी नागपूरच्या महाल भागात संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला. पोलिसांच्या वेशात लाल दिव्याच्या गाडीतून आलेले तिघे हल्लेखोर पोलिसांनी ठार केले. त्यांच्याकडे एके वर्गातल्या रायफली आणि हातबॉम्ब होते. आजूबाजूला दाट वस्ती असताना अशी चकमक झाली तर गोळी नेमकी कुठे जाते हा प्रश्न सर्वांत मोठा. तिथे हलकी, आटोपशीर आणि अचूक रायफल उपयोगी. सफाईलाही शहरात वेळ मिळतो. डायरेक्ट इम्पिंजमेंटची बाजू इथे बळकट होते. आपल्या सैन्याच्या विशेष दलांकडे एम-४ आहेतच.

पण २६/११ ने दाखवलेली गोष्ट या वादाच्या पलीकडची आहे. २००८ च्या त्या रात्री मुंबईत अनेक पोलिसांच्या हातात .३०३ होत्या, काहींच्या हातात नुसत्या लाठ्या. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या पाहणीत पुढे आलं की दारूगोळ्याच्या टंचाईमुळे जलद प्रतिसाद पथकांचा गोळीबाराचा सरावच थांबला होता.

सराव नसलेल्या जवानाच्या हातात जगातली सर्वोत्तम रायफल दिली, तरी ती अडकल्यावर दोन सेकंदांत मोकळी कशी करायची हे त्याच्या हाताला ठाऊक नसतं.

मग निवड कशाच्या आधारावर व्हावी?

रायफल खरेदीची पुढची बातमी आली की पिस्टन आहे का, एवढंच विचारून थांबू नये. त्याआधी हे प्रश्न येतात :

• काडतूस कोणतं? ते देशात, हव्या त्या दर्जाचं आणि पुरेसं बनतं का? दारू बदलली की रायफलची वागणूक बदलते, हा व्हिएतनामचा धडा.

• मॅगझिन कसं आहे? कारगिल आणि २००७ ची चाचणी, दोन्हीकडे दोषाचा वाटा मॅगझिनचा होता.

• चाचणी कुठे झाली? राजस्थानची धूळ, लडाखची थंडी आणि गडचिरोलीचा पाऊस या तीन वेगळ्या परीक्षा आहेत.

• सुटे भाग कोण देणार? डायरेक्ट इम्पिंजमेंटच्या एआर घराण्यातले बरेच भाग अनेक कंपन्या बनवतात. पिस्टनचे भाग मात्र बहुतेक कंपन्यांचे आपापले, एकमेकांना न बसणारे.

• वर्षाला प्रत्येक जवानाला सरावासाठी किती गोळ्या मिळणार? खरेदीच्या बातमीत ही ओळ क्वचितच असते.

या सगळ्यांची उत्तरं सारखीच असतील, तेव्हा वायूच्या पद्धतीचा फरक महत्त्वाचा ठरतो. धूळ-चिखल, सायलेन्सर, फार आखूड नळी आणि सलग मारा असेल तर पिस्टन. वजन, अचूकता आणि नियमित देखभालीची खात्री असेल तर डायरेक्ट इम्पिंजमेंट.

सामान्य माणूस अशी रायफल घेऊ शकतो का?

अमेरिकन यूट्यूब चॅनेल पाहून अनेकांना हा प्रश्न पडतो. तिथे नागरिक दुकानात जाऊन पिस्टन की डायरेक्ट इम्पिंजमेंट हे निवडतात. भारतात हा पर्याय नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार ऑटोमॅटिक शस्त्रं प्रतिबंधित आहेत. शस्त्र नियम २०१६ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि सैन्य-पोलिसांची काडतुसं चालवू शकणाऱ्या रायफली निर्बंधित गटात येतात. पोलीस आयुक्तालयातून मिळणाऱ्या साध्या परवान्यावर त्या मिळत नाहीत.

२०१९ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला. एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास ७ ते १४ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. पोलीस किंवा सैन्याकडून शस्त्र हिसकावल्यास किमान १० वर्षं, कमाल जन्मठेप.

म्हणजे धरमपेठेतल्या नागरिकाच्या वाट्याला ही निवड येत नाही. त्याच्या वतीने ती सरकार करतं, त्याच्याच करातून. त्याच्या हातात राहतो तो प्रश्न विचारण्याचा हक्क. चौकात उभ्या असलेल्या हवालदाराकडे कोणती रायफल आहे, हे फोटोत दिसतं. त्या रायफलमधून त्याने शेवटची गोळी कधी झाडली होती, हे फोटोत दिसत नाही. विचारायला हवं ते हेच.